शाळेच्या जुन्या वह्या उघडताना: काय वाचावं, कुठे हसावं, काय ठेवावं

शाळेच्या वह्यांचा गठ्ठा बहुतेक वेळा घर आवरताना सापडतो. एखादी वही उघडून चार पानं वाचली जातात, कुणाला तरी ओरडून एखादी ओळ ऐकवली जाते आणि आवराआवर संपायची असते म्हणून संध्याकाळपर्यंत सगळं रद्दीत तरी जातं, नाहीतर जसंच्या तसं माळ्यावर. दोन्हीत नुकसान आहे. म्हणून पहिला नियम असा: आवराआवरीच्या दिवशी गठ्ठा फक्त बाजूला काढा. वाचायला निराळा दिवस ठेवा, निदान दोन तास हाताशी असतील असा. त्या दिवशी काही टाकायचं नाही आणि पानावर काही दुरुस्तही करायचं नाही.

या वह्या आजवर एकाच नजरेने वाचल्या गेल्यात, चुका शोधणाऱ्या. कुठे चुकलं ते लाल शाईने दाखवलं. पण मूल त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने गेलं, हे बघायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. ती वाट आता शोधायची आहे. खरं हसू तिथेच सापडतं, आणि ते त्या मुलाला हसणं नसतं.

गठ्ठा सोडण्याआधी

आधी कोरा कागद घ्या आणि आठवतं ते लिहून काढा: कोणत्या इयत्तेत अक्षर चांगलं होतं, कोणता विषय जड जायचा, कुठला शेरा मनाला लागला होता, कोणता निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. पाच-सात ओळी पुरेत, पण वही उघडण्याआधीच लिहा. आठवण म्हणजे साठवलेलं चित्र नसतं. दर वेळी आपण ती नव्याने जुळवतो, हे फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 सालच्या पुस्तकात प्रयोगांनिशी मांडलं. वही एकदा वाचली की जुनी आठवण तिच्याप्रमाणे बदलते आणि आधी काय वाटत होतं ते हाती लागत नाही. ‘गणितात मी पहिल्यापासून कच्चा’ असं लिहिलेलं असावं आणि तिसरीच्या वहीत पानामागून पान ‘बरोबर’च्या खुणा निघाव्यात, ही गंमत त्या कागदाशिवाय कळणारच नाही.

मग गठ्ठा खिडकीजवळ, मोकळ्या हवेत सोडा. कुबट वास आला किंवा पानांवर केसाळ, हिरवट-काळे डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी वही वेगळी काढा, हातमोजे आणि एन-95 मास्क घाला आणि ती घरात झटकू नका. झटकल्याने बीजकण बाकीच्या कागदांवर बसतात. दमट वही दर दहा-पंधरा पानांमागे टिपकागद घालून सावलीत वाळवा आणि कागद ओले झाले की बदला. पूर्ण भिजलेल्या कागदावर साधारण 48 तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे ‘रविवारी बघू’ इथे चालत नाही. उन्हात मात्र ठेवू नका. कागद वेडावाकडा होतो आणि शाई उडते.

रबरबँड, टाचण्या, यू-पिना, गंजलेल्या स्टेपलच्या पिना पहिल्या दिवशीच काढा. जुना रबर आधी चिकट होतो, मग कडक होऊन कागदाला धरून बसतो. तो ओढू नका, नख किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून सोडवा. स्टेपलची पिन मागून दोन्ही पाय सरळ करून काढायची असते. वहीच्या मधल्या पिना गंजल्या नसतील तर तशाच राहू द्या. पिवळी पडलेली चिकटपट्टी हाताने खेचलीत तर अक्षरांसकट निघते. ती असू द्या.

पहिलं वाचन: सलग आणि हात न लावता

वर्षांप्रमाणे लावायची घाई करू नका. वही कव्हरपासून शेवटच्या पानापर्यंत उलटा. पहिली चार-पाच पानं आणि नंतरची पानं यांतलं अंतर बघा. जूनच्या पानांत समास पट्टीने आखलेला, तारीख कोपऱ्यात, शीर्षकाखाली दुहेरी रेघ. थोड्याच आठवड्यांत रेघ एकेरी होते, पुढे हाताने मारलेली, आणि कधीतरी समासच नाहीसा होतो. कोणत्या तारखेला नाहीसा झाला हे शोधून ठेवा. बहुतेक वह्यांत तो दिवस नेमका सापडतो.

अजून एक बघण्यासारखं: ओळींची संख्या ठरवून दिलेली असली की अक्षर शेवटाकडे मोठं होत जातं. ‘वीस ओळी लिहा’ म्हटल्यावर पंधराव्या ओळीनंतर शब्दांमधली जागा रुंदावते आणि ओळीत सहाऐवजी तीन शब्द मावू लागतात. पान संपत आलं असेल तर उलट, अक्षरं समासात चढतात. मूल मनात किती मोजत होतं ते तिथे दिसतं. वाचताना खूण करावीशी वाटली तर पानावर नको, कागदाची सुटी पट्टी घाला. रंगीत चिकटचिठ्ठ्या टाळा. त्यांचा गोंद कागदावर राहतो आणि पुढे धूळ धरतो.

गणिताच्या चुका: सगळ्यांत आधी याच वाचा

नवख्या माणसाला वाटतं की निबंधात गंमत असेल आणि गणितात काय असणार. आमचा अनुभव उलटा आहे. गणिताची चूक क्वचितच अशीतशी असते. तिच्यामागे नियम असतो, फक्त तो त्या मुलाने स्वतः बनवलेला असतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये वजाबाकीच्या चुकांवर काम केलं तेव्हा हेच दिसलं: मूल निष्काळजी नसतं, चुकीची रीत इमानाने पाळत असतं.

वहीत 52 − 27 = 35 दिसलं तर थांबा. मुलाने मोठ्यातून लहान वजा केलंय: एककात 7 आणि 2 पाहिले, 2 मधून 7 जात नाहीत, मग 7 मधून 2 घेतले आणि 5 लिहिले. 80 − 43 = 43 हे दुसरं नेहमीचं. शून्यातून तीन घ्यायचे, पण शून्यात काहीच नाही, म्हणून 3 तसेच खाली उतरवले. अशी एक सापडली की त्या पानावरची बाकीची चुकलेली उत्तरं त्याच नियमाने सोडवून बघा. पाचपैकी पाच जुळली की होणारा आनंद कोडं सुटल्यासारखा असतो, आणि जिथे पूर्वी ‘लक्ष दे’ असा शेरा वाचला होता तिथे एक चिकाटीचं डोकं दिसतं.

मराठीत आकडे लिहिताना होणाऱ्या चुकांची चव वेगळीच. ‘त्रेचाळीस’ ऐकताना आधी तीन ऐकू येतात, मग चाळीस. म्हणून 34 लिहिलं जातं. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू आले, म्हणून पाच लिहिले, नऊ तर हवेतच, झाले 59. ‘एकशे पाच’चे 1005 होतात, कारण आधी शंभर लिहिले आणि मग पाच. उजळणीच्या वहीत या तीन जातींच्या चुका वेगवेगळ्या मोजा. कोणती कोणत्या महिन्यात थांबली तेही बघा. ती थांबते त्या पानाआधी बहुधा एकच आकडा दहा वेळा लिहून घेतलेला असतो.

शुद्धलेखन: कान बरोबर, वही चूक

‘द्न्यान’, ‘सिंव्ह’, ‘सौंशय’, ‘चिन्न’. हे शब्द मोठ्याने म्हणा. आपण बोलतो ते असंच. ‘ज्ञान’ लिहिणारे आपण सगळे ‘द्न्यान’च म्हणतो, मुलाने फक्त ते ऐकलं आणि जे ऐकलं ते लिहिलं. शाळेत इंग्रजी लिहायला शिकण्याआधीच स्वतःच्या मनाने लिहू लागणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास चार्ल्स रीड यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तिथेही हेच आढळलं. ‘ट्रक’च्या सुरुवातीला ती मुलं ‘च’चा ध्वनी लिहीत होती, आणि उच्चार नीट तपासला तर तो तिथे खरंच असतो. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका वाचायच्या त्या तोंडाने, डोळ्यांनी नव्हे.

रफाराचा घोळ निराळा. ‘सूर्य’मध्ये ‘र्’ ऐकू येतो ‘सू’च्या लगेच नंतर, म्हणून रफार ‘सू’च्याच डोक्यावर जाऊन बसतो. पहिली वेलांटी तर उलटीच युक्ती मागते: बोलताना आधी क, मग इ, लिहिताना आधी वेलांटी, मग क. पहिली-दुसरीच्या वहीत वेलांटी अक्षराच्या पलीकडे पडलेली, मग खोडलेली, मग अलीकडे दाटीवाटीने बसवलेली दिसते. खोडरबराने कागद विरलेली जागा उजेडासमोर धरा; आधी काय लिहिलं होतं ते पुष्कळदा वाचता येतं. उलटी अक्षरं दिसली तर दचकू नका. लिहायला शिकणारी लहान मुलं आरशातल्यासारखं लिहितात, त्यात काही विशेष नाही.

निबंध, पत्रं आणि ‘वाक्यात उपयोग करा’

निबंधात दोन आवाज असतात आणि ते वेगळे करता आले पाहिजेत. एक पाठ केलेला: ‘निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे’. दुसरा मुलाचा. पहिला आवाज सुरुवातीला आणि शेवटी असतो, दुसरा मध्येच दोन ओळींत डोकावतो. ‘माझा आवडता ऋतू’मध्ये पावसाळ्याचं सगळं वर्णन मार्गदर्शकातून उतरलेलं असतं आणि मधेच येतं, ‘पावसात मोजे ओले होतात ते मला आवडत नाही.’ अशी ओळ शोधायची. सुट्या कागदावर पान क्रमांकासह उतरवायची, मुलाच्याच शुद्धलेखनात. तुम्ही ती सुधारून लिहिलीत की तिचा जीव जातो.

पत्रलेखनात मायना आणि मजकूर यांचं न जुळणं बघा. एकाच घरात राहणाऱ्या वडिलांना ‘मी इकडे खुशाल आहे, तुम्हीही तिकडे खुशाल असाल’ असं लिहिलेलं असतं आणि पुढच्याच ओळीत सहलीसाठी पैसे मागितलेले असतात. प्रश्नोत्तरांच्या वहीत ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न सोडू नका. ‘संकोच’ हा शब्द दिल्यावर ‘मला संकोच या शब्दाचा अर्थ बाईंना विचारायचा आहे’ असं उत्तर असेल तर त्या मुलाने प्रश्नाची अट शब्दशः पाळली आहे. शब्द आला, वाक्य झालं, व्याकरणही बरोबर.

शेरेही वाचा, पण एकेकटे नकोत. एका वर्षाचे सगळे शेरे क्रमाने एका कागदावर उतरवा: ‘अक्षर सुधार’, ‘अक्षर सुधार’, ‘अक्षर’, नुसती सही. शिक्षकांची दमणूक त्या यादीत दिसते. त्यांच्यासमोरच्या चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांपैकी ही एकच, हे ती यादी वाचताना लक्षात असू द्या.

चित्रं

चित्र ‘जमलं की नाही’ असं बघू नका. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्यूके यांनी 1927 मध्ये मांडलेली गोष्ट इथे फार उपयोगी पडते: लहान मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. म्हणून घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, बाजूने काढलेल्या गाडीला चारही चाकं असतात आणि टेबलाचे पाय चार दिशांना पसरतात. माणूस काढताना डोक्यालाच हात-पाय फुटलेले असतील तर ते चित्र बहुधा तीन-चार वर्षांच्या वयातलं. कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी आणि मध्ये रिकामी हवा असेल तर साधारण सात ते नऊ. तारीख नसलेल्या चित्रांचा काळ ठरवायला एवढं पुरतं, मात्र एका वर्षाची चूक धरूनच चाला.

रशियातल्या नोव्हगोरोद इथे 1956 मध्ये उत्खननात ओनफिम नावाच्या मुलाच्या भूर्जसालीवरच्या ‘वह्या’ मिळाल्या. तेराव्या शतकातला हा मुलगा, वय सहा-सात असावं. एका तुकड्यावर त्याने मुळाक्षरं आणि बाराखडीसारखी अक्षरांची जोडणी गिरवलीय आणि पाठीमागे आग ओकणारं जनावर काढून लिहिलंय, ‘मी जंगली प्राणी’. शेजारी मित्रासाठी निरोप: ओनफिमकडून दानिलोला नमस्कार. त्याच्या माणसांच्या हातांना बोटं कधी तीन, कधी त्याहून जास्त, दाताळ्यासारखी. तुमच्या गठ्ठ्यातल्या माणसांची बोटं मोजून बघा.

आणि हो, पाठची बाजू. कोणत्याही वहीचं शेवटचं पान सगळ्यांत आधी फाटतं आणि सगळ्यांत जास्त सांगतं: फुली-गोळा, सहीचा सराव, सुट्टीला उरलेले दिवस, शेजाऱ्याशी तासाला लिहून केलेल्या गप्पा.

दुसऱ्यांबरोबर वाचताना

चार जणांत वाचायचं असेल तर ज्याची वही त्यानेच वाचावी. दुसऱ्याने हिसकावून वाचली की तीच ओळ टोचते. भावंडांच्या वह्या त्यांना विचारल्याशिवाय उघडू नका, आणि लहान मुलं बसली असतील तर आधी वाचा, मग दाखवा. अर्ध्या तासात पाच-सहा पानं पुरतात. त्याहून जास्त झालं की ऐकणारे सुटू लागतात. हसू येणार नाही अशीही पानं निघतात: मार खाल्ल्याचा उल्लेख, घरातल्या भांडणाचा, एकट्या पडलेल्या मुलाचा. ती चारचौघांत वाचू नका. पट्टी घालून ठेवा आणि नंतर एकटे असताना वाचा.

फोटो कुणाला पाठवायचा असेल तर वर्गमित्रांची नावं, शिक्षकांची सही, शाळेचं नाव आणि प्रगतिपुस्तकावरची जन्मतारीख झाका. त्या लोकांना कुणी विचारलेलं नाही.

काय ठेवायचं

दुसऱ्या वाचनानंतर ठरवा, मध्ये निदान एक आठवडा जाऊ द्या. पानं फाडून ‘निवडक’ गठ्ठा करायचा मोह होतो, तो आवरा. सुटं पान तारखेपासून तुटतं, आधीच्या-नंतरच्या पानांशी असलेलं नातं जातं आणि शेवटचं पानही जातं. दर इयत्तेची एक अख्खी वही ठेवा. एकच ठेवता येणार असेल तर रोजच्या गृहपाठाची, ‘सुंदर हस्ताक्षर स्पर्धे’ची नको. शिवाय चित्रं आणि सुटे कागद मिळून प्रत्येक वर्षाचे दहा-पंधरा. पाठ्यपुस्तकातून उतरवलेली उत्तरं, छापील प्रश्नपत्रिका आणि पालकांच्याच हस्ताक्षरातले प्रकल्प बिनदिक्कत काढून टाका. ते टाकण्याआधी पानापानांत अडकलेल्या चिठ्ठ्या मात्र तपासा.

प्रत काढताना

स्कॅनर असेल तर लिखाणाला 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके), चित्रांना 600. ए-फोर पान 300 डीपीआयला 2480 × 3508 पिक्सेल होतं. तपशील न गाळता साठवणाऱ्या, न दाबलेल्या रंगीत टिफ फाइलला सुमारे 26 एमबी लागतात, दाबून लहान केलेल्या चांगल्या जेपेगला त्याच्या दहाव्या भागाइतके किंवा कमी. चित्रं टिफमध्ये, बाकी जेपेगमध्ये, एवढी विभागणी बस झाली. स्कॅन नेहमी रंगीत करा. काळ्या-पांढऱ्यात फिकट पेन्सिल उडते आणि लाल शाई व निळी शाई एक होते, मग दुरुस्ती कुणाची हेच कळत नाही.

मोबाइलने काढत असाल तर फ्लॅश बंद, थेट ऊन नसलेल्या खिडकीजवळ, फोन पानाला समांतर. पेन्सिलची चकाकी येत असेल तर पान थोडं फिरवा, फोन नको. कागदपत्रं स्कॅन करणारी अ‍ॅप्स आपोआप पान ‘स्वच्छ’ करतात आणि खोडलेल्या खुणा, शाईचे डाग पुसून टाकतात. तो फिल्टर बंद ठेवा. दोनशे पानी वहीची जोडपानं साधारण शंभर. एकाला दहा सेकंद धरले तरी वीस मिनिटांच्या आत वही होते.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा: 1996-इयत्ता4-निबंध-012. आधीची शून्यं गाळलीत तर बऱ्याच ठिकाणी 10 हे 2 च्या आधी लागतं. प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि एक घराबाहेर.

मूळ कागद

स्वस्त वह्यांच्या कागदात लाकडाचा लगदा आणि आम्ल असतं. त्यामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि उष्णता, दमटपणा व प्रकाशाने ते लवकर होतं. पेन्सिल ही कार्बन असल्याने उडत नाही, पण पुसली जाते. स्केचपेन प्रकाशात सगळ्यांत आधी फिकं पडतं, म्हणून ते चित्र भिंतीवर लावायचं असेल तर त्याची प्रत लावा. मेणखडूच्या चित्रावर आम्लविरहित कागद घाला, नाहीतर रंग पलीकडच्या पानाला लागतो. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं शाई ओढून घेतात. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. लॅमिनेशन करू नका. ते परत सुटत नाही.

वह्या आडव्या, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोकं गच्च नको आणि अर्धं रिकामंही नको. जागा आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून निदान 15 सेंटिमीटर वर. माळा तापतो, तळघर ओलं होतं. आर्द्रता 30 ते 50 टक्के असली तर उत्तम; 65 च्या वर बराच काळ राहिली की बुरशीला रान मोकळं. डांबरगोळ्या खोक्यात घालू नका, त्यांची वाफ श्वासाला वाईट. कसर दिसली तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये एक-दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं.

प्रत्येक वहीसोबत एक चिठ्ठी घाला, मऊ पेन्सिलने लिहिलेली: इयत्ता, वर्ष, वाचल्याची तारीख आणि कोणती पानं बघण्यासारखी. सुरुवातीचा तो आठवणींचा कागदही त्याच खोक्यात. वर्षातून एकदा खोकं उघडून वास, डाग आणि कसर तपासा, आणि संगणकातल्या दोन-चार फाइली उघडतात का तेही. आधी तपासणी पुरी करा आणि मगच एखादी वही हातात घ्या, कारण ती उघडली की उरलेली खोकी त्या दिवशी तपासून होत नाहीत.